साने गुरुजी : कुमारकथेतील धैर्य आणि त्याची चरित्रभूमी

१

मराठी कुमारवाङ्मयात धैर्याच्या कथांची वाण कधीच नव्हती. वि. को. ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले, वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ काढले, आणि थोरांची चरित्रे व इतिहासातील पराक्रम मुलांपुढे ठेवण्याची एक परंपरा रूढ होत गेली. या परंपरेतील धैर्य बहुधा गडकोटांवर आणि रणांगणावर प्रकट होते. ते वाचून दहा-बारा वर्षांच्या मुलाचे रक्त सळसळते, हे खरे. परंतु त्या मुलाच्या स्वतःच्या दिवसाशी, म्हणजे शाळेतील टवाळीशी, घरच्या ओढगस्तीशी, विहिरीच्या काठावर वाटणाऱ्या भीतीशी या धैर्याचा संबंध फारसा जुळत नाही. तानाजीची कथा ऐकून आलेले मूल वर्गात खोटे बोलल्याची कबुली देण्याचे बळ कोठून आणणार, हा प्रश्न त्या परंपरेत अनुत्तरितच राहतो.

पांडुरंग सदाशिव साने यांनी या प्रश्नाला आपल्या लेखनातून उत्तर दिले. मात्र साने गुरुजींच्या वाङ्मयाची चर्चा आजवर मातृप्रेम, संस्कार आणि करुणा या संज्ञांभोवतीच अधिक झाली आहे. त्यांच्या लेखनावर हळवेपणाचा, किंबहुना रडवेपणाचा आक्षेपही वारंवार घेतला गेला. प्रशंसक आणि आक्षेपक या दोघांच्याही दृष्टीतून एक गोष्ट निसटते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गुरुजींच्या कुमारकथांचा गाभा धैर्याचा आहे. हे धैर्य शत्रूशी झुंजणारे नाही, लोक काय म्हणतील या भयाशी झुंजणारे आहे. ही धैर्यकल्पना त्यांच्या आयुष्यातून कशी घडत गेली आणि त्या आयुष्याच्या अखेरीने तिच्यापुढे कोणता कठीण प्रश्न उभा केला, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव खोत होते. आई यशोदा. घराण्याला एके काळी वैभव होते. परंतु गुरुजींच्या बालपणीच भाऊबंदकी, वाटण्या आणि कर्ज यांमुळे ते ओसरले. खोताच्या घरातील मूल आणि सावकाराच्या तगाद्याखाली वाकलेल्या घरातील मूल, ही दोन्ही भूमिका एकाच मुलाच्या वाट्याला आल्या. जन्मतः गरीब असलेल्या मुलापेक्षा अशा मुलाची लाज अधिक बोचरी असते. कारण गावाने त्याचे पूर्वीचे दिवस पाहिलेले असतात. गुरुजींच्या कथांमध्ये लाज ही भावना इतक्या वेळा आणि इतक्या सूक्ष्मतेने का येते, याचे एक कारण येथे सापडते.

दापोलीस इंग्रजी शिक्षणाला आरंभ झाला. तेथून घरच्या ओढीने पायी पालगडला येणारा हा मुलगा स्वभावाने संकोची होता. पुढे खर्च झेपेना, तेव्हा शिक्षणासाठी औंध संस्थानात जावे लागले. हाताने स्वयंपाक करून, अर्धपोटी राहून, परक्या गावात दिवस काढावे लागले. त्यानंतर पुणे गाठले. तेथे नूतन मराठी विद्यालयात शिक्षण चालू असताना १९१७ मध्ये पालगडला आईचे निधन झाले. शेवटच्या आजारात तिची सेवा करणे या मुलास घडले नाही. आईच्या मृत्यूचे दुःख आणि त्या वेळी आपण जवळ नव्हतो याची खंत, ही दोन्ही त्यांच्या मनात जन्मभर राहिली.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजेच आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, ते १९२२ मध्ये बी. ए. झाले. त्यानंतर खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात त्यांनी अध्ययन केले आणि १९२४ मध्ये एम. ए. ही पदवी संपादन केली. येथवरचे आयुष्य एका गरीब, बुद्धिमान, लाजाळू ब्राह्मण मुलाचे आहे. त्या काळी अशी मुले अनेक होती. ज्या अनुभवाने इतरांना कडवट केले असते किंवा यशाच्या मागे धाडले असते, त्याच अनुभवाने या मुलाला दुसऱ्या मुलांच्या मनात शिरण्याची वाट दाखविली, हे गुरुजींचे वेगळेपण होय.

३

१९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. लवकरच छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. हा सहा वर्षांचा काळ त्यांच्या कुमारवाङ्मयाच्या दृष्टीने पायाभूत मानावा लागतो. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे आवरून ठेवणे, आजाऱ्याजवळ रात्र जागविणे ही कामे ते स्वतः करीत. शिक्षकाच्या प्रतिष्ठेला न शोभणारी ही कामे होती. परंतु शिस्तीच्या धाकाने जे साधत नाही ते यातून साधे. खोली अस्वच्छ ठेवणाऱ्या मुलाला शिक्षकाने झाडू हातात घेतलेला दिसला की त्याला आपोआप लाज वाटे. या लाजेत अपमान नव्हता. लोकांना भिऊन वाटणारी लाज वेगळी आणि स्वतःच्या मनाला वाटणारी लाज वेगळी, हा भेद पुढे त्यांच्या कथांचा कणा झाला. तो या छात्रालयात प्रत्यक्ष आचरला गेला होता.

याच छात्रालयात ते ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित चालवीत. मुलांनी दिवस सुरू करताना ते वाचावे, अशी योजना होती. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. आपण मुलांसाठी लिहितो आहोत आणि ती मुले पलीकडच्या खोलीत आहेत, अशी स्थिती फार थोड्या लेखकांना लाभते. गुरुजींच्या गद्यातील लहान वाक्ये, संबोधनांची जवळीक आणि पुनरुक्ती यांची चिकित्सा करताना ही वाचकसन्निधता विचारात घेतली पाहिजे. छापील वाङ्मयाच्या कसोटीवर जो दोष ठरतो, तो ऐकविण्याच्या गद्यात गरजेतून आलेला असतो.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. धुळे आणि त्रिचनापल्ली येथील कारावास त्यांच्या वाट्याला आला. त्रिचनापल्लीत दक्षिणेकडील भाषा बोलणाऱ्या राजबंद्यांचा सहवास घडला. पुढे त्यांनी मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेचे बीज या सहवासात शोधता येते. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्या वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबा भावे यांनी तेथे गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती उतरवून घेण्याचे काम गुरुजींनी केले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला मिळाला तो या लेखणीमुळे.

४

‘श्यामची आई’ हे पुस्तक गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३३ च्या फेब्रुवारीतील अवघ्या पाच दिवसांत त्याचा बहुतांश भाग लिहून झाला आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे प्रकरणांना रात्री म्हटले आहे. श्याम म्हणजे लेखक हे समीकरण वाचकाने सहज स्वीकारले असले, तरी हे पुस्तक चरित्राचे साधन म्हणून वापरताना सावध राहावे लागते. प्रौढ वयात, बंदिवासात, दिवंगत आईविषयी लिहिलेली ही कथा आहे. घटना कशा घडल्या यापेक्षा लेखकाला त्या घटनांत काय दिसले, हे तिच्यातून अधिक निश्चितपणे कळते.

या दृष्टीने तीन कथा पाहता येतील. पहिल्याच रात्री सावित्रीव्रताची कथा येते. आई आजारी असल्याने वडाला प्रदक्षिणा घालू शकत नाही. आपल्याऐवजी श्यामने जावे असे ती सुचविते. बायकांचे व्रत आपण करायचे, मित्र हसतील, या विचाराने श्याम अडखळतो. आई त्याला पटवून देते ते एवढेच, की लाज वाटावी ती वाईट काम करताना. येथे शत्रू कोणी नाही, संकट म्हणावे असेही काही नाही. आहे ते केवळ चार मुलांचे संभाव्य हसणे. परंतु दहा वर्षांच्या मुलाला ते हसणे एखाद्या सैन्याएवढे भासते, हे गुरुजींनी नेमके ओळखले आहे. पुस्तकाचा आरंभ त्यांनी याच कथेने केला, ही बाब लक्षणीय आहे. मुलग्याने स्त्रियांचे मानलेले काम करण्यातील धैर्य त्या काळच्या कुमारवाङ्मयात क्वचितच कोणी विषय केले असेल.

दुसरी कथा पोहण्याची. पाण्याला भिऊन घरात लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारीत बाहेर काढते. या पुस्तकातील आईविषयी जी कोमल प्रतिमा रूढ आहे, तिला ही कथा धक्का देते. मुलाला भित्रा म्हटलेले या आईला खपत नाही. परंतु कथा तेथे संपत नाही. पोहून आलेल्या, रुसलेल्या मुलाचे वळ पाहून आईचे डोळे भरतात आणि त्याच्यासाठी ठेवलेले दही ती त्याला देते. धाक आणि माया यांतील कोणती गोष्ट खरी, असा पर्याय गुरुजी ठेवीत नाहीत. आजच्या वाचकाला शिंपटी खटकेल आणि ती खटकावीही. तरीही मुलाचे भय खोटे आहे असे या कथेत कोणी म्हणत नाही, हे नोंदविले पाहिजे. भय खरेच असते. ते असतानाच पाण्यात उतरायचे असते.

तिसरी कथा सर्वांत महत्त्वाची. महारवाड्यातील एका वृद्ध स्त्रीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. विटाळाच्या भीतीने ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला तिच्याकडे पाठविते. मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन स्नान कर, असे ती सांगते. श्याम जातो, गावातील माणसे नावे ठेवतात. येथे लाज आणि भय यांना सामाजिक परिमाण लाभते. मुलांचे हसणे मागे पडून गावाचा निषेध समोर उभा राहतो. या कथेतील स्नान अभ्यासकाने डोळ्याआड करता कामा नये. आईची करुणा रूढीला वळसा घालते, रूढी मोडीत नाही. गुरुजींनी हे स्नान कथेतून गाळले नाही. गाळले असते तर आई अधिक पुरोगामी दिसली असती, पण कथा खोटी झाली असती. एका बाईला तिच्या काळात आणि तिच्या गावात जेवढे पुढे जाता आले तेवढेच पाऊल त्यांनी दाखविले. उरलेले अंतर कापणे, हे आपले काम मानले.

५

१९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. त्याच्या तयारीसाठी गुरुजी खानदेशात राबले. १९३८ मध्ये त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. शेतकरी आणि गिरणीकामगार यांच्या प्रश्नांत ते ओढले गेले. १९४२ च्या आंदोलनात ते काही काळ भूमिगत होते व त्यानंतर पुन्हा बंदिवासात गेले. लाजाळू मुलाचे असे सार्वजनिक पुरुषात रूपांतर होत असताना त्यांचा मूळ स्वभाव मात्र पालटला नाही. व्यासपीठावर त्यांचे डोळे भरून येत, ते लपविण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. पुरुषाने, त्यातही पुढाऱ्याने रडू नये, या संकेताची भीती त्यांनी मनातून काढून टाकली होती. ज्याला रडवेपणा म्हटले गेले, त्याकडे या बाजूनेही पाहता येते.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारे अस्पृश्यांना उघडावीत म्हणून १९४६ च्या अखेरीस त्यांनी उपोषणाचा संकल्प जाहीर केला. हे उपोषण गांधीजींना रुचले नव्हते. ज्यांना आयुष्याचा आदर्श मानले त्यांचा विरोध सहन करून आपल्या निर्णयावर ठाम राहणे, ही गुरुजींच्या धैर्याची बहुधा सर्वांत कठीण परीक्षा होती. प्रथम त्यांनी महाराष्ट्राचा दौरा करून लोकमत जागविले. सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही या प्रचारात साथ दिली. गावोगावी विहिरी आणि मंदिरे खुली होत गेली. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास प्रारंभ झाला. विरोधकांनी त्यांची निंदा केली, टवाळी केली. ग. वा. मावळंकर यांनी मध्यस्थी केली आणि मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले.

या घटनेचे मूल्यमापन करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आरंभिला होता आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा करून ते मंदिरप्रवेशाच्या प्रश्नापलीकडे गेले होते. ज्यांच्यासाठी दारे उघडली जात होती, त्यांच्यातील अनेकांच्या लेखी १९४७ पर्यंत प्रश्न दारांचा उरलाच नव्हता. मग पंढरपूरच्या उपोषणाचे महत्त्व कोणते? ते सवर्ण समाजापुरते आहे आणि तेथे ते मोठे आहे. मोळी उचलून देणाऱ्या मुलाला घरी येऊन स्नान करावे लागले होते. त्या स्नानाची गरज ज्या श्रद्धेतून निर्माण झाली, तिच्याच मर्मस्थानी बसून त्या मुलाने चाळीस-एक वर्षांनंतर ती गरज नाकारली. कथा आणि चरित्र यांचा असा थेट अनुबंध आपल्या वाङ्मयात विरळा आहे.

६

महात्मा गांधींच्या हत्येने गुरुजींना मोठा आघात झाला. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील भाषाभाषांत स्नेह निर्माण करणारी आंतरभारतीची कल्पना त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. पुतणीला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ ही याच अखेरच्या पर्वातील. फुले, पाऊस, पुस्तके, देशोदेशीच्या घडामोडी यांविषयी एका मुलीशी ते तेथे प्रसन्नपणे बोलतात. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

मुलांना धैर्य शिकविणाऱ्या लेखकाच्या चरित्रात हा शेवट कसा सांगावा, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मुलांसाठी लिहिताना हा भाग एका मोघम वाक्यात उरकण्याकडे कल दिसतो. दुसरीकडे प्रौढांसाठीच्या लेखनात या मृत्यूला आत्मबलिदानाचे तेज देण्याचा मोह होतो. हे दोन्ही मार्ग गुरुजींच्या स्वतःच्या कथनरीतीशी विसंगत आहेत. आईच्या कथेतून त्यांनी स्नान गाळले नाही, कर्ज आणि जप्ती गाळली नाही, स्वतःची चोरीही गाळली नाही. म्हणून त्यांच्या चरित्रातूनही त्यांचे दुःख गाळता येत नाही. आणि त्या दुःखाचा शेवट ज्या रीतीने झाला तिचा गौरवही करता येत नाही. देशातील हिंसा, ध्येयभंग, थकवा अशी कारणे सांगितली जातात. एखाद्या कारणावर बोट ठेवून अशा मृत्यूचा उलगडा झाला असे मानणे हे चरित्रकाराला शोभणारे नाही.

तथापि त्यांच्या कथांकडे परत गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. या कथांमधील कोणतेही मूल एकट्याच्या बळावर धीट होत नाही. वडाकडे जाणाऱ्या श्यामच्या मागे आजारी आई असते. विहिरीवरून परतणाऱ्या श्यामसाठी दही ठेवलेले असते. गावाची बोलणी खाऊन आलेल्या श्यामला घरात जवळ घेणारे कोणी असते. धैर्य हा एकट्याचा गुण नाही, ते कोणाच्या तरी मायेतून उसने मिळते आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे असते, अशी ही धारणा आहे. अमळनेरच्या छात्रालयात, तुरुंगात आणि आपल्या पुस्तकांतून गुरुजी हे धैर्य जन्मभर इतरांना देत राहिले. घेणारे असंख्य होते. देणाऱ्यालाही कधी मागण्याची गरज पडते आणि ते मागणे दुबळेपणाचे नसते, हे मुलांना सांगायचे राहून जाऊ नये. त्यांच्या जीवनाच्या अखेरीतून शिकवण घ्यायचीच असेल तर ती एवढीच घेता येईल. आणि ती त्यांच्या कथांच्या विरोधात जात नाही, त्यांच्यातच अंतर्भूत आहे.

७

१९५३ मध्ये प्र. के. अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. त्यामुळे श्याम आणि त्याची आई घराघरांत पोहोचली. परंतु अश्रूंची प्रतिमा त्या प्रमाणात ठळक झाली आणि धैर्याची मागे पडली. पुढे हे पुस्तक बक्षीस म्हणून देण्याचे, प्रसंगी न वाचता पूज्य मानण्याचे झाले. पूज्यतेने जे नुकसान होते ते याही पुस्तकाचे झाले. त्यातील अस्वस्थ करणाऱ्या जागांकडे दुर्लक्ष झाले.

गुरुजींच्या कुमारवाङ्मयाचे पुनर्वाचन करावयाचे तर ते या जागांपासून करावे लागेल. मुलगा बायकांचे काम करतो तेव्हा कोण हसते, मोळी पडते तेव्हा कोण पाहत उभे राहते, दवंडी पिटली जाते तेव्हा शेजारी काय करतात, हे प्रश्न त्या पुस्तकात आहेत आणि ते मुलांना समजतील अशा भाषेत आहेत. पराक्रमाच्या कथा मुलांना मोठेपणी काय व्हावे हे सांगतात. पालगडच्या या कथा आज संध्याकाळी, चार मित्रांसमोर, कसे वागावे हे सांगतात. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी या दोहोंतील अवघड कोणते, हे गुरुजी जाणून होते; कारण ते मूल ते स्वतः होते, आणि आपले संकोचाचे ओझे त्यांनी पंढरपूरच्या मंदिरापर्यंत वाहत नेऊन तेथे उतरविले होते.